चांद्याची चांदी, वैनगंगेचा मोती!

चंद्रपूर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? ताडोबाचा वाघ, कोळसा आणि मे महिन्यातलं ऊन. गडचिरोली म्हटलं की? जंगल, आणखी जंगल आणि त्यापलीकडे थोडं जंगल! पण मंडळी, जुन्या मोती-चांदीच्या शौकिनांसाठी हा पट्टा म्हणजे खजिना आहे. विश्वास बसत नाही? मग तिकीट काढा. चांद्याहून, म्हणजे आपल्या चंद्रपूरहून निघू आणि व्हाया कलकत्ता थेट टोकियो गाठू.

गाडी सुटायच्या आधी एक बोनस. माहीत आहे का, गडचिरोलीत हिऱ्यांची खाण होती? आरमोरी तालुक्यातलं वैरागड. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त त्याची नोंद घेतली आहे. आज तिथे किल्ला पाहायला मिळतो, हिरे नाहीत. असो. नमनाला घडाभर हिरे नकोत, आपला विषय चांदी आणि मोती!

आजीच्या गळ्यातली बँक

गोंड-माडिया बायकांच्या गळ्यातली रुपयांची माळ पाहिली आहे? खऱ्या चांदीच्या रुपयांना कडी डाकवून ओवलेली. मिरवायला दागिना आणि अडीनडीला बँक. पासबुक नको, केवायसी नको!

आणि हा रुपया म्हणजे काय चीज होती, माहीत आहे का? वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोब्बर एक तोळा. चांदी जवळपास ९२ टक्के. जुने सराफ वजनाला चक्क रुपयेच तराजूत टाकायचे. वीस रुपयांची माळ म्हणजे पाव किलोला थोडी कमी चांदी गळ्यात! (आजचा सराफ तोळा म्हणतो तेव्हा मनात १० ग्रॅम धरतो. महागाईत तोळाही बारीक झाला.)

पण माळेतला प्रत्येक रुपया सारखा नाही हं. व्हिक्टोरियाचा राणीछाप अस्सल. १९४० पासून मात्र चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा. म्हणून माळ हातात आली की आधी साल वाचा, मग भाव बोला.

आता खास आयटम. 'डुक्कर रुपया' ऐकलाय का? १९११ साली पंचम जॉर्जचा नवा रुपया निघाला. राजाच्या झग्यावरच्या पदकमाळेत एक छोटा हत्ती कोरला होता. सोंड इतकी आखूड, की लोकांना तो हत्ती डुकरासारखा दिसला. झाला बोभाटा! टांकसाळीने बहुतेक नाणी वितळवली, हत्तीची सोंड सुधारली आणि १९१२ पासून शहाणा रुपया काढला. त्यामुळे घरातल्या माळेत १९११ चा रुपया सापडला तर एकदा उडी मारून घ्या. फक्त एक गोम आहे: कडी डाकवलेलं नाणं नाणेसंग्राहकाला नको असतं, दागिने जमवणाऱ्याला मात्र तेच हवं असतं. ज्याला जे हवं, त्याच्याच दारी जा.

चांद्याचे राजे, कलकत्त्याचं दुकान

ही गोष्ट जरा सावकाश वाचा, कारण ती भारी आहे आणि थोडी जिव्हारी लागणारीही.

चांदा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले, मुलगा नव्हता. लॉर्ड डलहौसीने राज्य खालसा केलं. राणी बाकाबाईंनी विरोध केला, पण ऐकतो कोण! राजवाड्यातले हत्ती-घोडे लिलावात निघाले आणि जडजवाहीर रवाना झालं कलकत्त्याला. विकलं कुणी, माहीत आहे का? हॅमिल्टन अँड कंपनीने. म्हणजे त्या काळातली साहेबलोकांची सगळ्यात पॉश पेढी. मोडीच्या दुकानात विकावेत तसे एका राज्याचे दागिने काउंटरवर आले.

आणि गंमत बघा. याच हॅमिल्टनची चांदीची भांडी आज संग्राहक हुडकत फिरतात, आणि त्यांच्या छापात पेढीच्या आद्याक्षरांसोबत एक हत्ती असतो. भोसल्यांचे हत्ती गेले, हॅमिल्टनचा राहिला! (हत्तींचं आणि या भागाचं काहीतरी आहे बाप्पा. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला. त्यांची सोंड व्यवस्थित लांब आहे.)

नूडल्सवाल्याचा पोरगा आणि शिंपल्याचा तुकडा

चला, टोकियो आलं. गिन्झा. १८९९ पासून तिथे मिकिमोतो नावाचं दुकान आहे. मोत्यांच्या दुनियेत या नावाला तोड नाही. मूळ मालक कोकिची मिकिमोतो, जन्म १८५८, नूडल्सवाल्याचा मुलगा. पोरवयात बंदरावर आलेल्या ब्रिटिश जहाजावर भाजी-अंडी विकायची होती, पण चढू कोण देणार? पठ्ठ्याने पायांवर वस्तू नाचवायची कसरत करून दाखवली आणि जहाजावर एन्ट्री मिळवली. मार्केटिंग याला म्हणतात!

११ जुलै १८९३ रोजी त्याच्या शिंपल्यातून पहिला संवर्धित मोती निघाला. पूर्ण गोल नव्हता, अर्धाच होता. पण मोत्याच्या व्यापाराचं पारडं त्या अर्ध्या मोत्याने पूर्ण उलटं केलं. १९३२ मध्ये कोबे शहरात त्याने हलक्या प्रतीचे मोती जाहीरपणे आगीत टाकले. बाजारात खराब माल नको, हा संदेश त्या धुरातून जगभर गेला.

त्याचे जुने चांदीचे ब्रोच आणि पिना आज व्हिंटेजवाल्यांचे लाडके आहेत. लहानसा आकोया मोती, चांदीचं पान किंवा फूल, आणि मागे शिंपल्याच्या आकारात कोरलेलं इंग्रजी 'एम'. मोठ्या पेढीचा माल, पण सोन्याच्या हाराच्या मानाने खिशाला हलका. नवख्याने सुरुवात इथून करावी, असं माझं प्रामाणिक मत. हारापेक्षा ब्रोच बरा: दोरा तुटायची भीती नाही, आणि छाप भिंगाशिवायही दिसतो. नऊवारीच्या पदराला लावला तर कुणी नाव ठेवणार नाही.

आता खरा धक्का. हीच करामत वैनगंगेच्या काठी चालते, माहीत आहे का? गडचिरोलीजवळ एका शेतकऱ्याने नदीतले शिंपले तळ्यात सोडून मोत्यांची शेती उभी केली आहे. शिंपला जेमतेम उघडायचा, आत बारीक मणी किंवा साचा सरकवायचा, जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात टांगायचा आणि साधारण वर्ष-दीड वर्ष धीर धरायचा. साचा गणपतीचा असेल तर मोतीही गणपतीचा! गोड्या पाण्यातल्या या तंत्राचा भुवनेश्वरच्या 'सीफा' संस्थेने देशभर प्रसार केला. धानाच्या जिल्ह्यात मोत्याचं पीक. तर मग चांदीत बसवलेला वैनगंगेचा मोती आज घेऊन ठेवा, नातवंडं त्याला व्हिंटेज म्हणतील.

मोती, माड्या आणि मराठी राजे

झटपट तीन घ्या.

१९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरचा एक अख्खा वाडा कार्तिए या पेढीने कसा मिळवला? दोनपदरी मोत्यांचा हार देऊन! हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती. पुढे संवर्धित मोती आले आणि हाराचे भाव गडगडले. वाडा मात्र भाव खातोय.

बडोद्याचे खंडेराव गायकवाड मोत्यांचे इतके वेडे, की त्यांनी मोत्यांचा गालिचा करवून घेतला. गळ्यात नाही, गालिचा! २००९ मध्ये दोह्यातल्या लिलावात तो सुमारे ५५ लाख डॉलरला गेला. बडोद्याच्या सातपदरी हारातल्या ६८ मोत्यांची दोनपदरी माळ २००७ मध्ये ७१ लाख डॉलरला गेली होती.

आणि मोत्यालाही चव असते! जुन्या मुंबईच्या बाजारात मोत्याचं मोल 'चव' या मापात ठरायचं, आणि ती वजनाच्या वर्गाने वाढते. मोती दुप्पट जड, तर चव चौपट. आपल्या नथीतले बसरा मोती इराणच्या आखातातून याच बाजारात यायचे.

ऊन लागतंय मोत्याला!

चंद्रपूरकरांनो, हा परिच्छेद खास तुमचा. पारा ४७ च्या पुढे गेला की माणसासारखाच मोतीही सुकतो. त्यात थोडं पाणी असतं, ते उडालं की तडे जातात. म्हणून मोत्याची कुडी तापलेल्या लोखंडी कपाटात कोंडू नका, मऊ सुती कापडात ठेवा. अत्तर, पावडर, हेअरस्प्रे सगळं आधी, मोती शेवटी. लिंबू आणि व्हिनेगर तर त्याचे जानी दुश्मन. हाराच्या दोन मोत्यांमध्ये गाठ आहे ना, हेही बघा: दोरा तुटला तर एकच मोती घरंगळतो, बाकीचे जागेवर राहतात.

चांदीचं उलटं. ती काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. रिठ्याच्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, पण घासून-घासून नवी करू नका. नक्षीच्या खाचांतला काळेपणा संग्राहकाला हवाच असतो. चकाचक पॉलिश मारलेल्या जुन्या तोड्याकडे जाणकार संशयानेच पाहतो.

छापाचं काय? १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीवरही सहा अक्षर-अंकी हॉलमार्क क्रमांक मिळू लागला आहे, मात्र तो ऐच्छिक. आजीच्या कड्यावर तो नसणारच, तिथे सराफाकडून टंच काढून घ्या. आणि वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ती परदेशात विकायला पाठवता येत नाही. 'डॉलरमध्ये घेतो' म्हणणाऱ्याला हे जरूर सांगा.

तर मंडळी, यंदा लग्नसराईत घरातली जुनी माळ, सरी, तोडे मोडीत द्यायला निघालात तर थांबा. मोडीत फक्त वजनाचे पैसे मिळतात, वर घट कापली जाते आणि घडणावळीचा रुपयाही मिळत नाही. आधी फोटो काढा, नाण्यांवरची सालं वाचा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की हे कुणी, कुठल्या सोनाराकडून घडवलं. ते एका चिठ्ठीवर लिहून डब्यात टाका. मग खुशाल विका, नाहीतर घाला!