वेरूळला आलेला फ्रेंच आरमारी अधिकारी

1899-1900 च्या हिवाळ्यात निजामाच्या मुलखातल्या वेरूळला एक फ्रेंच आरमारी अधिकारी येऊन गेला. नाव ज्युलियँ विओ. वाचक त्याला पियेर लोती म्हणून ओळखतात.

रोशफोर या बंदराच्या गावी 1850 मध्ये जन्मलेला हा मुलगा 1867 साली नौदलाच्या शाळेत दाखल झाला. 1872 मध्ये ‘फ्लोर’ जहाजावरून ईस्टर बेटावर उतरला आणि तिथल्या दगडी पुतळ्यांची चित्रं काढून आणली. लोती हे नाव त्याच सफरीत ताहितीत पडलं. पुढे बंदरोबंदरीच्या प्रेमकथांनी त्याला कीर्ती दिली. आज त्या वाचताना परक्या देशातल्या बायकांकडे पाहण्याची त्याची नजर खटकते. त्याची वार्तापत्रं मात्र अजून चटका लावतात.

1883 च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच जहाजांनी व्हिएतनाममधल्या ह्यूए नदीच्या मुखावरचे किल्ले फोडले. लोती तेव्हा ‘आतालांत’ जहाजावर होता. पळणाऱ्या माणसांना आपल्याच सैनिकांनी कसं टिपलं, हे त्याने ‘फिगारो’ या फ्रेंच वर्तमानपत्रात लिहिलं. सरकार संतापलं, त्याला मायदेशी परत बोलावण्यात आलं. नोकरी मात्र टिकली. 1891 मध्ये तो फ्रेंच अकादमीवर निवडून आला, तेही एमिल झोलाला मागे टाकून. 1898 मध्ये त्याला सक्तीने निवृत्त केलं, तेव्हा तो दाद मागून परत रुजू झाला आणि 1910 पर्यंत नोकरीत राहिला.

हिंदुस्थानचा प्रवास या झगड्याच्या काळातला. त्रावणकोरच्या महाराजांना फ्रेंच सरकारचं मानचिन्ह पोचवायचं, हे निमित्त. 1903 मध्ये पुस्तक निघालं, ‘इंग्रजांविना हिंदुस्थान’ अशा अर्थाच्या नावाचं, आणि अर्पण केलं ते इंग्रजांशी लढलेल्या ट्रान्सवालच्या क्रूगर यांना. इंग्रजांवरचा राग असा उघड होता. वेरूळवर त्याने लिहिलं ते भयचकित होऊन. काळोखातल्या शिवाने त्याला हादरवून टाकलं होतं. शिल्पांचा इतिहास त्यात फारसा सापडत नाही.

पण माझ्या मते पुस्तकाचा गाभा पुढे आहे, राजपुतान्यात. तिथे 1899-1900 चा, ‘छप्पन्या’ म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ पडला होता. स्टेशनांवर हाडांचे सापळे झालेली पोरं रडत होती आणि लोतीच्या गाडीलाच तांदळाचे डबे जोडलेले होते. धान्य होतं, ते विकत घ्यायला भुकेल्यांकडे पैसा नव्हता. दुष्काळाचं हे वर्म या दर्यावर्दी माणसाने पाहून ठेवलं.

कोल्हापूरच्या वाचकाला इथे शाहू महाराज आठवावेत. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी नेमकं हेच वर्म ओळखून स्वस्त धान्याची दुकानं उघडली, कामं काढली, कामावरच्या बायांच्या तान्ह्या मुलांसाठी शिशुगृहं चालवली. लोतीची वाट कोल्हापूरकडे वळली असती, तर त्या पुस्तकात आणखी एक प्रकरण वाढलं असतं.