मनीचे पोट आणि दुधाची वाटी

मांजर डोळे मिटून दूध पिते, ही म्हण आपण किती सहज वापरतो! पण मैत्रिणींनो, खरे पाहता डोळे मिटलेले असतात ते आपलेच. मनीला आठवडेच्या आठवडे जुलाब होतात, ती ओकते, मान खाजवून जखमा करून घेते, आणि तरीही रोज सकाळी दुधाची वाटी तिच्यापुढे सरकवली जाते. मग एक दिवस घरातले कुणीतरी वैतागून म्हणते, "पोत्यात घाला आणि बाजारात सोडून या तिला!" घाण निस्तरायची ती गृहिणीने, त्यामुळे 'नको' म्हणायचे त्राण तिच्यातही उरलेले नसते. पण थोडे थांबा. पुष्कळदा या दुखण्याचे कारण घरातच सापडते.

आपला धाराशिव जिल्हा दुधदुभत्याचा. भूमकडचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा तर दूरवर जातो. अशा मुलखात मांजराला दूध नाकारायचे म्हणजे पाप वाटते! पण पिलाच्या पोटात आईचे दूध पचवणारा जो पाचकरस असतो, तो दूध सुटल्यावर कमी होत जातो. मग दुधातली साखर न पचता आतड्यात राहते, पाणी ओढून घेते, आंबते, आणि जुलाब सुरू होतात. खव्यात तर ही साखर आटून दाट झालेली असते. ही ॲलर्जी नव्हे बरं का, हे अपचन. सगळ्याच मांजरांना दूध बाधते असे नाही, पण बंद करून पाहिल्याशिवाय ते कळायचे कसे? म्हणून पहिले पथ्य हे : दूध, साय, खवा दोन आठवडे पूर्ण बंद. वाटीत ताजे पाणी.

"मग ती खाणार काय?" असे तुम्ही विचाराल. मांजर मूळचे मांसाहारी. मांसातले टॉरिन नावाचे द्रव्य न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते, हे १९७५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले; हृदयही दुबळे होते, हे १९८७ साली सिद्ध झाले. दूध-पोळीवर ते निभत नाही. घर शाकाहारी असेल तर दुकानात मिळणारे मांजराचे तयार खाद्य द्यावे.

आता खाजेकडे वळू. आधी पिसवा पाहा. बारीक दातांच्या फणीने केस विंचरा आणि पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. कणाभोवती तांबूस डाग पसरला की ती पिसवांची विष्ठा समजा. पिसवेच्या लाळेची ॲलर्जी मांजरांत फार आढळते. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर पिसवांमुळे होणारे जंतही झालेले आहेत. औषध मात्र डॉक्टरांकडूनच घ्या. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असते, ते मांजराच्या जिवावर बेतते.

पिसवा आणि जंत जाऊनही डोके-मान खाजतच राहिली, पोटही बिघडतच राहिले, तर अन्नाच्या ॲलर्जीचा संशय घ्यावा. ती बहुधा नेहमीच्या खाण्यातल्या प्रथिनांची असते : मासळी, कोंबडी, दूध. रक्त तपासून ती खात्रीने कळत नाही. डॉक्टरांना विचारून, मनीने पूर्वी कधी न खाल्लेले एकच मांस आठ आठवडे द्यायचे. शेळीचे मटण तिला नवे असेल तर तेही चालेल, पण नुसते उकडलेले. आपला कालवणाचा रस्सा नको, कांदा-लसूण मांजराला विषारी. आराम पडला की जुने खाणे पुन्हा सुरू करून पाहायचे. दोन आठवड्यांत त्रास परतला तर चोर सापडला!

या सगळ्यात एकच नियम : एका वेळी एकच बदल. आणि लिहून ठेवा. १९७३ साली 'कालनिर्णय' निघाले तेव्हापासून कितीतरी घरांत दुधाचा हिशोब त्यावरच होतो. त्याच चौकोनात मनीचे खाणे, उलट्या, जुलाब, खाज यांची नोंद करा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः म्हशी आणि आपल्या उस्मानाबादी शेळ्याच येतात. तिथल्या डॉक्टरांपुढे तारखांसह नोंदी ठेवल्या तर त्यांचे निम्मे काम झालेच म्हणा.

काही वेळा मात्र नोंदी करत बसू नये. पिलाला उलट्या-जुलाब एकदम सुरू झाले, शौचातून रक्त पडले, किंवा मोठ्या मांजराने पुरता दिवसभर काही खाल्ले नाही, तर लगेच डॉक्टर गाठा. उपाशी मांजराचे यकृत लवकर बिघडते. बोका पुन्हा पुन्हा बसून कुंथतो आणि लघवी होत नाही, त्याला बद्धकोष्ठ समजून घरी ठेवू नका. एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो. शिवणाचा दोरा गिळला असेल तर तो ओढू नका. आणि कृपा करून आपली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. तिच्या एका गोळीनेही मांजर मरते.

तेव्हा उद्या सकाळी वाटीत पाणी भरा, आणि कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहा : 'मनी, दूध बंद.'