तिकीट आहे, पण चालत नाही

दादरच्या पुलावरून गर्दी उतरू लागली की पायथ्याशी उभा असलेला टीसी आधी तिकिटं बघत नाही, माणसं बघतो. प्रत्येकाला थांबवायचं म्हटलं तर जिन्यावरच चेंगराचेंगरी होईल. म्हणून निवड करावी लागते आणि ती क्षणात होते. मी ज्यांच्या बाजूला उभी राहून हे काम बघत होते, त्या बाईंचा हात बहुतेक करून त्यांना पाहून चाल बदलणाऱ्यापुढे जायचा. कुणी एकदम फोन कानाला लावतो, कुणी घोळक्याच्या आडोशाला सरकतो, कुणी काही विसरल्यासारखं करून परत जिना चढू लागतो. नोकरीत इतकी वर्षं गेल्यावर हे ओळखायला त्यांना कष्ट पडत नाहीत.

“विनातिकीटवाला सोपा,” त्या म्हणाल्या. “त्याला माहीत असतं, मला माहीत असतं. पावती फाडायची, विषय संपला. वेळ जातो तो तिकीट असलेल्या माणसापायी.”

त्यानंतर मी तिकीट असलेली माणसंच पाहत राहिले.

तिकीट म्हणजे पैसे भरल्याचा पुरावा, असं आपण धरून चालतो. टीसीच्या हातात गेल्यावर मात्र त्याच कागदाला बरंच काही सांगावं लागतं. कुठून कुठपर्यंत, कोणत्या वर्गाचं, कोणत्या मार्गाने, किती वाजता काढलेलं, आणि पास असेल तर कुणाच्या नावाचा. यातलं एक जरी चुकलं तरी प्रवासी गुन्हेगारासारखा भिंतीकडे उभा राहतो. खिशात तिकीट असलेल्या माणसाला असं बाजूला घेतात तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भीतीच्या आधी नवल दिसतं. “पण मी पैसे भरलेत,” हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं की पुढे पुढे कोण ते म्हणणार, हे मला आधीच कळू लागलं.

गाडी लागली की बाई पुलाचा पायथा सोडून फर्स्टच्या डब्यासमोर जायच्या. तिथून उतरलेला एक तरुण आठवतो. हातात प्लास्टिकची फाइल, पायात नवे बूट, मुलाखतीला निघालेला. तिकीट सेकंडचं. तो मराठवाड्यातून पहिल्यांदाच मुंबईला आला होता आणि समोर जो दरवाजा आला त्यात शिरला होता. रोज जाणाऱ्याला फर्स्टचा डबा दुरून कळतो, कारण बाहेर तिरके पट्टे रंगवलेले असतात. नवख्याला ते पट्टे रंगकामाचा भाग वाटतात. आत शिरल्यावरही फरक सांगावा लागतो. काही डब्यांत अर्धा भाग फर्स्टचा आणि मधल्या आडोशापलीकडे सेकंड. आसन थोडं मऊ, एवढंच. गर्दीच्या वेळी ते आसनही दिसत नाही.

“मॅडम, बोर्ड दिसला नाही हो.”

“डब्यावर लिहिलंय.”

“गर्दीने आत ढकललं मला.”

दोघंही खरं बोलत होती. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १३८ नुसार वरच्या वर्गातून प्रवास केला तर भाड्यातला फरक भरायचा आणि त्यावर जादा आकार, किमान २५० रुपये. उपनगरी सेकंडचं सर्वांत कमी भाडं ५ रुपये. मुलाखतीला आलेल्या मुलासाठी हे दोन आकडे एकमेकांपासून फार लांब असतात. त्याने पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, पावती घेतली आणि घड्याळ बघत पळाला.

पासवाल्यांची तऱ्हा वेगळी. महिन्याचा, तीन महिन्यांचा पास काढणारा माणूस स्वतःला रेल्वेचा घरचा माणूस समजतो आणि त्याचं बरोबरच आहे. तो पास रोज खिशात असतो, पण रोज वाचला जात नाही. रविवारी मुदत संपलेली असते आणि सोमवारी सकाळी तो सवयीने गाडी पकडतो. कधी पास असतो, पण आयकार्ड दुसऱ्या पाकिटात राहिलेलं असतं. आयकार्डाशिवाय पासाला अर्थ नाही, कारण पास नावावरचा असतो आणि दुसऱ्याला देता येत नाही. अशा वेळी माणूस सगळी कागदपत्रं काढू लागतो: आधार, पॅन, कंपनीचं ओळखपत्र. आपण कोण आहोत हे तो पटवून देत असतो. टीसीला फक्त पासावर छापलेल्या क्रमांकाचं कार्ड हवं असतं.

एसी लोकल आल्यावर हा गुंता वाढला. पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी धावली. तेव्हापासून मुंबईच्या लोकलमध्ये तीन पायऱ्या झाल्या आणि त्यांचा नियम एकाच दिशेने चालतो. एसीचा पास असलेला साध्या गाडीच्या फर्स्टमध्ये बसू शकतो. फर्स्टचा पास असलेला एसी गाडीत बसू शकत नाही. फर्स्टसाठी इतके पैसे मोजणाऱ्याला हे पटता पटत नाही. त्यात एसी लोकलचे दरवाजे आपोआप बंद होतात. घाईत चढलेल्याला चूक लक्षात येईपर्यंत दार मिटलेलं असतं आणि गाडी फास्ट असेल तर पुढचं स्टेशन बरंच लांब. उतरायची इच्छा आहे, मार्ग नाही. अशा माणसाची आणि मुद्दाम गारव्याला बसलेल्याची पावती सारखीच फाटते.

सगळ्यात अवघड मला मोबाइलवरचं तिकीट वाटलं. रांग वाचवणारं ते उत्तम साधन आहे, याबद्दल शंका नाही. पण त्याच्यासोबत अटीही आल्या. उपनगरी प्रवासाचं तिकीट काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू करायचा. स्टेशनच्या आत किंवा गाडीत बसून ते काढता येऊ नये, म्हणून अॅप फोनची जागा बघतं. टीसी दिसला की तिकीट काढायचं, ही पळवाट बुजवायला ती अट आहे. स्टेशनात चिकटवलेल्या क्यूआर कोडमुळे नेमकी तीच पळवाट पुन्हा उघडली. लोकांनी कोडचे फोटो काढून ठेवले आणि गाडीत बसून स्कॅन करू लागले. शेवटी मुंबईत ते कोड बंद करण्याची पाळी आली. दरम्यान, स्टेशनात शिरल्यावर तिकीट काढायचं आठवलेला सरळ माणूस अॅप उघडतो, ते नकार देतं आणि त्याला कारण कळत नाही.

एका मुलीचा फोन बंद पडला होता. तिकीट काढलंय, असं ती रडवेली होऊन सांगत होती. नियम असा की मागितल्यावर तिकीट दाखवता आलं नाही तर ते नाहीच. शेजारून जाणाऱ्या एका काकांनी न मागता पॉवरबँक पुढे केली. फोन सुरू व्हायला वेळ लागला. तोवर बाई तिच्यापाशी थांबल्या आणि पुलावरून किती जण न दाखवता निघून गेले ते कुणास ठाऊक. तिकीट निघालं. मुलीने काकांना आणि टीसीबाईंना एकाच दमात “थँक यू” म्हटलं.

त्याच दुपारी नऊवारीतल्या एक आजी अडल्या. त्यांनी फोन पुढे केला. त्यात व्हॉट्सअॅपवर आलेला तिकिटाचा फोटो होता. मुलाने कचेरीतून स्वतःच्या फोनवर तिकीट काढलं आणि स्क्रीनशॉट पाठवला. त्याच्या मनात आईची काळजी सोडून काहीच नव्हतं. पैसेही भरले गेले होते. पण मोबाइलवरचं तिकीट ज्या फोनवर काढलं त्याच फोनवर, अॅपमध्ये उघडून दाखवावं लागतं, नाहीतर एका तिकिटावर दहा जण फिरतील.

“आजी, हे चालत नाही.”

“अगं, पोरानं काढलंय. नाव बघ की त्याचं.”

बाईंनी आजींच्या फोनवरून मुलाला फोन लावला, त्याला नियम समजावला आणि आजींना जाऊ दिलं. मला बरं वाटलं. मग लगेच खटकलंही. पुढच्या स्टेशनवर दुसऱ्या टीसीने पावती फाडली असती तर तोही नियमाला धरूनच वागला असता. आजींचा प्रवास त्या दिवशी पुलाखाली कोण उभं आहे यावर ठरला. एवढा भार एका नोकरदार माणसाच्या स्वभावावर टाकणं मला योग्य वाटत नाही. आजींसाठीही नाही आणि त्या टीसीसाठीही नाही.

मुद्दाम फसवणारा आणि चुकलेला, हा भेद कायद्याला मुळात ठाऊक आहे. कलम १३७ फसवण्याच्या इराद्याने प्रवास करणाऱ्यासाठी आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम १३८ मध्ये इराद्याचा प्रश्नच येत नाही. भाडं आणि जादा आकार भरा आणि जा. पुलाखाली मी पाहिली ती बहुतेक प्रकरणं दुसऱ्या जातीची. पण माणसाला भिंतीकडे उभं करून चारचौघांत विचारणा होते तेव्हा बघणाऱ्यांना कलम दिसत नाही. त्यांना पकडलेला माणूस दिसतो. ओळखीचं कुणी जात असेल का, म्हणून अडलेला माणूस मान खाली घालतो. पावतीवर ही किंमत छापलेली नसते.

याच कायद्यात काही दयाळू जागाही आहेत आणि त्या फारशा कुणाला ठाऊक नाहीत. कलम ५५ प्रमाणे तिकीट नसलेला माणूस अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी आणि तसा दाखला घेऊन, भाडं नंतर भरण्याच्या बोलीवर प्रवास करू शकतो. तो दाखला असेल तर जादा आकार लागत नाही. कलम १३९ सांगतं की पुरुष सोबती नसलेल्या बाईला किंवा मुलाला वाटेल त्या स्टेशनवर किंवा रात्री-बेरात्री गाडीतून उतरवायचं नाही. सकाळी साडेआठच्या विरार लोकलमध्ये गार्डाकडे जाऊन दाखला मागणं अर्थात अशक्यच. तरी कलम ५५ लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की भला माणूसही कधी तिकिटाशिवाय गाडीत असू शकतो.

मार्गाच्या घोळाची गोष्ट बाईंनीच सांगितली. एकाकडे ठाणे ते वाशी पास होता, ऐरोलीवरून जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर मार्गाचा. तो कुर्ल्याला सापडला. कुर्ल्यात बहिणीला भेटून, गाडी बदलून तो वाशीलाच निघाला होता. त्याचं म्हणणं एवढंच होतं की मी ठाण्याहून निघालो, वाशीला पोचणार, आणि पासावर हेच लिहिलंय. पासावर मार्गही लिहिलेला होता आणि त्या मार्गावर कुर्ला येत नाही. अंधेरी ते सीएसएमटीचंही तसंच, दादरला बदलून जाता येतं आणि हार्बरने वडाळ्यावरूनही. दादरमध्ये तर दोन रेल्वे एकाच पुलाखाली. ९ डिसेंबर २०२३ पासून तिथले फलाट एक ते चौदा असे सलग मोजले जातात, त्यामुळे फलाट शोधणं सोपं झालं. तिकिटाची हद्द कुठे संपते, ते मात्र अजून तिकीट वाचूनच शोधावं लागतं. पुण्याहून एक्स्प्रेसने दादरला उतरलेलं कुटुंब बॅगा ओढत थेट बोरिवलीच्या गाडीत चढतं. त्यांच्या लेखी मुंबईचं तिकीट काढलेलं असतं आणि बोरिवली मुंबईतच आहे.

घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोत गेलं की फरक अंगावर येतो. मेट्रोत आधी गेट आहे. तिकीट चालत नसेल तर ते उघडत नाही. माणूस मागे वळून खिडकीशी जातो, पुन्हा येतो, कुणाच्या नजरेत भरत नाही. लोकलला गेट नाही आणि रोज सत्तर लाखांच्या घरात माणसं वाहणाऱ्या या गाड्यांना जुन्या स्टेशनांवर तसं गेट बसवणं मला कठीण दिसतं. म्हणून इथे तिकीट चालतं की नाही, हे प्रवास झाल्यावर कळतं. कूपनच्या काळातही हेच होतं. ती कूपनं यंत्रात घालून त्यांवर शिक्का उमटवायचा असे. बाहेरगावचा माणूस कोरी कूपनं खिशात बाळगून प्रवास करायचा आणि पूर्ण पैसे भरूनही विनातिकीट ठरायचा. २०१५ च्या सुमारास ती यंत्रं गेली. त्यांची जागा ज्याने घेतली त्यातही सांगायचं ते शेवटी सांगायची सवय तशीच राहिली.

तपासणी हवीच. फर्स्टचा पास काढून लटकत जाणाऱ्याचा त्रागा मला समजतो. पश्चिम रेल्वेने मार्च २०२४ मध्ये रात्रीच्या तपासणीसाठी खास पथक नेमलं, ते प्रवाशांच्या तक्रारींमुळेच. बनावट पास दाखवणारेही आहेत आणि त्यांच्यामुळे खऱ्या पासाकडे टीसी दोनदा बघतो. मला एवढंच वाटतं की जो नियम पुलाखाली २५० रुपयांना समजतो, तो खिडकीवर ५ रुपयांत समजायला हवा. तिकिटावर भाडं आणि स्टेशनं ठळक असतात. अटी बारीक अक्षरांत, अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या आकड्यांत.

पाळी संपताना मी बाईंना विचारलं, तिकिटावर तुम्हाला काही छापायला दिलं तर काय छापाल? त्यांनी माझी वही घेतली आणि पावतीपुस्तकाच्या सवयीच्या अक्षरात लिहिलं: “हे तिकीट सेकंडचं आहे. तिरक्या पट्ट्यांच्या डब्यात आणि एसी गाडीत चालणार नाही. तासाभरात प्रवास सुरू करा. फोनवर असेल तर याच फोनवर दाखवा. फोटो चालत नाही.” मी वही पिशवीत ठेवत होते, तेव्हा त्यांनी ती परत मागितली आणि खाली आणखी एक ओळ जोडली: “वाटेत मार्ग बदलायचा असेल तर आधी खिडकीवर विचारा.”