जोडणीची परीक्षा

नवा डबा लावला. पीओएनचा दिवा हिरवा, स्थिर. पॉवर मीटरवर प्रकाशाची पातळी उणे २१ डीबीएम, म्हणजे चांगलीच. आणि तरीही नेट नाही.

भारतनेटचे फायबर ग्रामपंचायतीपर्यंत सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला लाल दिवा परवडतो. लाल दिवा म्हणजे प्रकाशच येत नाही, म्हणजे कुठेतरी केबल तुटली. रस्त्याच्या कामात जेसीबी लागला असेल, नाहीतर पुलावरचा पाइप पुरात वाहून गेला असेल. ओटीडीआर लावले की किती मीटरवर तुटली ते कळते, जोड मारला की काम भागते. हिरवा दिवा मात्र माणसाला फसवतो. विजेच्या कडकडाटात जुना डबा जळाला, बदली डबा दुसऱ्या कंपनीचा मिळाला. तो समोरच्या यंत्राला ओळख देतो, ओळख स्वीकारलीही जाते, पण पुढे एक अक्षर सरकत नाही. बाहेर पीकविम्याच्या अर्जासाठी माणसे थांबलेली असतात आणि जुलैअखेरची मुदत कुणासाठी थांबत नाही. दोन्ही कंपन्यांना फोन लावला की दोघीही दुसरीकडे बोट दाखवतात. वाईट असे की दोघींचेही म्हणणे खरे असू शकते.

हे कसे, ते समजून घ्यायला डब्याच्या आत डोकवावे लागेल. तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये ओएलटी नावाचे यंत्र असते. त्यातून निघालेला एक फायबर वाटेत स्प्लिटरवर फुटत फुटत अनेक गावांच्या ओएनटीपर्यंत, म्हणजे आपल्या डब्यापर्यंत, जातो. मधल्या स्प्लिटरना वीज लागत नाही, म्हणून ही रचना, म्हणजेच पीओएन, खेड्यांना सोयीची. ओएलटीकडून येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, परत जाणारा १३१० चा. खाली येताना सगळ्यांना सगळे मिळते, प्रत्येक डबा आपले तेवढे उचलतो. वर जाताना खरी कसरत. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे २० किलोमीटरला १०० मायक्रोसेकंद. तीन किलोमीटरवरचे गाव आणि अठरा किलोमीटरवरचे गाव एकाच फायबरवर एकाच वेळी बोलू लागली तर दोघांचेही बोलणे वाया. म्हणून ओएलटी आधी प्रत्येक डब्याचे अंतर मोजतो आणि जवळच्याला सांगतो, तू इतका वेळ थांबून बोल. एक बिट एका नॅनोसेकंदाहूनही कमी वेळाचा असतो. थांबण्याचा हिशेब तितक्या बारकाईने लागतो.

इतके अवघड गणित बहुतेक वेळा बिनबोभाट जमते, कारण आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.९८४ या मानकात ते नेमकेपणाने लिहिले आहे. घोडे अडते त्याच्या पुढच्या टप्प्यावर. कोणत्या पोर्टवर कोणती सेवा, कोणत्या माहितीला कोणता व्हीलॅनचा टॅग लावायचा, हे ओएलटी डब्याला ओएमसीआय नावाच्या नियमावलीतून सांगतो. तिच्यात ऐच्छिक भाग पुष्कळ, आणि काही वाक्यांचे दोन अर्थ निघतात. एका कंपनीच्या अभियंत्याने एक अर्थ घेतला, दुसरीच्या अभियंत्याने दुसरा. दोघेही मानकाचे पान उघडून आपले म्हणणे सिद्ध करतील. डबा मात्र मुका राहील.

यवतमाळकरांना अशा अडचणीची जुनी ओळख आहे. किलिक निक्सन कंपनीने बांधलेली शकुंतला रेल्वे यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जायची, ती अडीच फुटी रुळांवरून. मूर्तिजापुरात मुंबईची साडेपाच फुटी लाइन. दोन्ही रूळ आपापल्या जागी चोख, पण रुईच्या गाठी एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवाव्या लागत. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले. रुळांमधले अंतर कधी मिटले नाही. तिथे निदान फरक उघड्या डोळ्यांना दिसत होता, फूटपट्टीने मोजता येत होता. नेटवर्कच्या यंत्रांमधला फरक दोन यंत्रे जोडून पाहिल्याशिवाय कळत नाही. कागद कितीही वाचा.

म्हणूनच या क्षेत्रात एक वेगळी कारागिरी जन्माला आली: प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपापली यंत्रे घेऊन एका खोलीत यायचे, ती एकमेकांना जोडायची, काय बिघडते ते पाहायचे आणि तिथल्या तिथे दुरुस्त करायचे. बाहेरच्या जगाला हिची फारशी खबर नाही. माझ्या मते इंटरनेट उभे राहिले त्यात मानके लिहिणाऱ्यांइतकाच या खोल्यांचा वाटा आहे.

सुरुवात टीसीपी-आयपी या इंटरनेटच्या भाषेच्या बाळपणातच झाली. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेटने जुनी पद्धत सोडून टीसीपी-आयपी स्वीकारली, पण त्याआधीपासूनच वेगवेगळ्या संस्थांचे लोक आपापले प्रोग्रॅम समोरासमोर बसवून तपासत होते. या बैठकांना ते ‘बेक ऑफ’ म्हणत. जॉन पोस्टेल यांनी त्यांची पद्धत आणि गुणांचा तक्ता १९८७ च्या सप्टेंबरमध्ये आरएफसी १०२५ म्हणून नोंदवून ठेवला. वाचण्यासारखा दस्तऐवज आहे. स्वतःशी बोलता आले तर थोडे गुण, दुसऱ्याशी बोलता आले तर जास्त. ‘कामिकाझे’ पॅकेट, म्हणजे नियमात बसतील तेवढ्या साऱ्या करामती एकाच वेळी अंगावर घेऊन आलेले पॅकेट, न कोसळता पचवले तर १०. समोरच्याचे यंत्र नियमातल्या घावाने लोळवले तर ३०, आडमार्गाने लोळवले तर २०. दुसऱ्याचे यंत्र पाडल्याबद्दल गुण देण्यात मोठा शहाणपणा होता: इथे मित्रांसमोर पडलेले यंत्र बाहेर लाखो लोकांसमोर पडत नाही. पोस्टेल आणखी एक गोष्ट लिहून ठेवतात, ती मला सर्वांत मोलाची वाटते. त्या दिवसांत चाचणी फसली तर कधी प्रोग्रॅम बदलला जाई, तर कधी मानकच. पुस्तक चुकले असेल तर पुस्तक दुरुस्त करायचे, इतका मोकळेपणा त्या खोलीत होता.

पुढे ही बैठक व्यापाराच्या मैदानात आली. डॅन लिंच यांनी १९८६ मध्ये माँटेरीला कंपन्यांच्या अभियंत्यांची कार्यशाळा भरवली आणि १९८८ मध्ये ‘इंटरऑप’ नावाचे प्रदर्शन. तिथे नुसते माहितीपत्रक वाटून भागत नसे. प्रदर्शनाच्या सामायिक नेटवर्कला आपले यंत्र जोडून दाखवावे लागे. त्या काळी कुणाची यंत्रे ‘सर्वांना निरोप’ या पत्त्यासाठी सगळे शून्य वापरत, कुणाची सगळे एक. दोन्ही जाती एका तारेवर आल्या की निरोपांचे वादळ उठे आणि नेटवर्क गुदमरे. १९९० च्या इंटरऑपमध्ये जॉन रॉम्की यांनी नेटवर्कवरून चालणारा पाव भाजायचा टोस्टर मांडला. लोक बघायला जमले, आणि परक्या यंत्रालाही ठरलेल्या भाषेत हुकूम देता येतो हे सर्वांना दिसले.

पण प्रदर्शन वर्षातून एकदा. रोज, शांतपणे, कुणाची बाजू न घेता हे काम करणारी जागा हवी होती. ती मिळाली अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डरहॅम या विद्यापीठाच्या छोट्याशा गावात. १९८८ मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या संगणक केंद्राला स्वतःच्या वापरासाठी एफडीडीआय हे फायबरचे नेटवर्क उभारायचे होते. दोन कंपन्यांची यंत्रे मागवली, ती एकमेकांशी बोलेनात. केंद्राने दोन्ही कंपन्यांना बोलावून घेतले. शोध लावता लावता कळले की घोळ मानकाच्या मसुद्यातल्या आणि अंतिम प्रतीतल्या फरकाचा होता. दोष सापडला, दूर झाला, आणि त्यातून यूएनएच-आयओएल ही प्रयोगशाळा वाढली.

या जन्मकथेत मला एक गोष्ट फार महत्त्वाची दिसते. प्रयोगशाळा कंपनीच्या आवारात जन्मली नाही, सरकारी खात्यातही नाही. ती गिऱ्हाइकाच्या घरी जन्मली. ज्याचे काम अडले होते त्याने दोघांना एका टेबलाशी बसवले.

तिथली पद्धत अशी. एकेका तंत्रासाठी कंपन्यांचा गट असतो, गटाचे सदस्य वर्षाची वर्गणी भरतात आणि आपली यंत्रे प्रयोगशाळेत ठेवून देतात. नवे यंत्र आले की ते तिथल्या जुन्या यंत्रांशी एकेक करून जोडले जाते. दहा कंपन्या असल्या तर जोड्या ४५, वीस असल्या तर १९०. कोणत्याही एका कंपनीला हे एकटीने परवडणार नाही. चाचण्या करतात ते शंभराहून अधिक विद्यार्थी, पदवीचे शिक्षण चालू असणारे. केबल लावायची, ॲनालायझरवर प्रत्येक पॅकेट पकडायचे, कोणत्या क्षणी संभाषण तुटले ते शोधायचे, मानकाचे कलम काढायचे, अहवाल लिहायचा. अहवाल त्या कंपनीलाच जातो, जाहीर होत नाही. ग्राहक म्हणून आपल्याला ही गुप्तता खटकू शकते. पण अपयशाची दवंडी पिटली जाणार असेल तर अर्धवट झालेले यंत्र घेऊन कोण येईल? आणि दोष दुरुस्त करायची वेळ यंत्र अर्धवट असतानाच असते. बर्लिनमधली ईएएनटीसी ही संस्था अनेक कंपन्यांचे राउटर दरवर्षी एकत्र आणते, तीही जमलेल्या जोड्या छापते आणि फसलेल्यांची नावे घेत नाही.

या कामाचे सर्वांत ओळखीचे फळ आपल्या खिशात आहे. वायरलेस नेटवर्कचे ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये आले, पण एका कंपनीचे कार्ड दुसरीच्या यंत्राशी जमेल याची खात्री नव्हती. १९९९ मध्ये काही कंपन्यांनी संघ काढला, तोच पुढे वाय-फाय अलायन्स झाला, आणि सामायिक चाचणी पास झालेल्या यंत्रालाच शिक्का देण्याची पद्धत पडली. आज यवतमाळच्या दत्त चौकात फोन घेणारा माणूस घरातला राउटर कुणाचा, असे विचारत नाही.

आपल्याकडची कथा मुंबईपासून सांगता येते. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने अर्नेट सुरू केले. जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी त्यात होत्या. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यात ९.६ किलोबिटची पहिली भाड्याची लाइन आली. टीसीपी-आयपी आणि ओएसआय या दोन पंथांपैकी जग कोणता धरणार, हे तेव्हा ठरायचे होते. अर्नेटने दोन्ही एकाच जाळ्यावर चालवून पाहिले आणि १९९५ पासून जवळजवळ सारी वाहतूक टीसीपी-आयपीवर आली.

आज दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राचे सक्तीचे प्रमाणपत्र आहे; २०१७ च्या नियमदुरुस्तीने ते आले, २०१९ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. विजेची सुरक्षितता, विद्युतचुंबकीय उपद्रव, मानकाचे पालन या गोष्टी त्यात तपासल्या जातात, आणि ते आवश्यकच आहे. पण यंत्र मानकाप्रमाणे आहे का, हा एक प्रश्न. ते शेजारच्याशी बोलते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर हो आले म्हणून दुसऱ्याचे हो येत नाही, हे डरहॅमच्या दोन यंत्रांनी १९८८ मध्येच दाखवले. बीएसएनएलच्या स्वदेशी ४-जीमध्ये टॉवरची यंत्रे तेजसची, गाभा सी-डॉटचा आणि सगळ्यांना जोडण्याचे काम टीसीएसकडे. ते जोडणे हाच मोठा प्रकल्प होता. सुधारित भारतनेटला ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. त्यात ग्रामपंचायती वलयाकार जोडायच्या आहेत, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तर दुसऱ्या बाजूने वाट मिळेल, आणि त्यासाठी राउटर लागणार आहेत. देखभालीच्या वर्षांत बदली राउटर मूळ कंपनीचाच मिळेल असे धरून चालणे गावाला परवडणारे नाही.

म्हणून मला वाटते, अशी एक खोली यवतमाळ जिल्ह्यात असावी. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ चे, यवतमाळचे जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ चे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ओएलटी, डझनभर डबे, २० किलोमीटर फायबरची रिळे, स्प्लिटर, प्रकाश कमी करणारा ॲटेन्युएटर, पॉवर मीटर आणि पॅकेट पकडणारा फुकटात मिळणारा वायरशार्क. एवढ्यावर सुरुवात होते. निविदेत एक कलम घालावे, की डबा पुरवणाऱ्याने तो आधी या टेबलावर दुसऱ्या कंपनीच्या ओएलटीशी बोलवून दाखवावा.

आणि इथे एक चाचणी अशी करता येईल, जी थंड हवेच्या प्रयोगशाळेत सहसा सुचत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, भागातली वीज जाते आणि दोन तासांनी एकदम येते. त्या क्षणी एका फायबरवरचे सगळे डबे एकाच वेळी जागे होऊन ओएलटीला हाक मारतात. हाका एकमेकींवर आदळू नयेत म्हणून प्रत्येक डब्याने जास्तीत जास्त ४८ मायक्रोसेकंदांच्या आत स्वतःच्या मनाने थोडे थांबून बोलावे, अशी मानकात तरतूद आहे. ती कोणती कंपनी नीट पाळते ते टेबलावरचा एकच खटका बंद करून, पुन्हा चालू करून दिसेल. बारा डबे, त्यात चार कंपन्यांचे तीन-तीन, तापलेल्या खोलीत. आणि शेवटचा डबा जोडला जाईपर्यंत किती सेकंद लागतात याची नोंद.