भिजलेला फोन तांदळात पुरू नका

पावसाळा सुरू झाला की भिजलेले फोन दुरुस्तीच्या दुकानांत येऊ लागतात. त्यातले कितीतरी त्याआधी तांदळाच्या डब्यात मुक्काम करून आलेले असतात. नुकसान पाण्याने होतेच, पण त्यानंतर घरी केलेल्या उपायांनी ते वाढते. म्हणून हे गैरसमज दूर व्हायलाच हवेत.

गैरसमज : तांदूळ फोनमधले पाणी ओढून घेतो.

वस्तुस्थिती : साठवणीचा तांदूळ हवेतली ओल अगदी सावकाश घेतो. सर्किट बोर्डावरच्या चिपांखाली अडकलेल्या थेंबापर्यंत तर तो पोचतच नाही. उलट त्याचा कोंडा आणि पिठी चार्जिंगच्या पोर्टमध्ये जाऊन बसते. ॲपलने २०२४ च्या सुरुवातीला दिलेल्या सूचनेत आयफोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, असे स्पष्ट लिहिले. मग तांदळात ठेवलेले काही फोन पुन्हा सुरू होतात ते कसे? तेवढा वेळ ते बंद असतात आणि त्यांना कोणी हात लावत नाही, म्हणून. कपाटावर वाऱ्याला ठेवले असते तरी पाणी उडून गेलेच असते.

घाई नडते ती इथेच. नुसत्या ओलाव्यापेक्षा ओलावा आणि वीज एकत्र येणे जास्त घातक. पाण्यात क्षार असतात; त्यातून प्रवाह गेला की पोर्टमधल्या धातूच्या बारीक पट्ट्या गंजू लागतात. म्हणूनच ओला फोन ‘चालतोय का बघू’ म्हणत चार्जरला लावणे सर्वांत वाईट.

गैरसमज : आयपी६८ लिहिलेय, म्हणजे फोन वॉटरप्रूफ.

वस्तुस्थिती : यातला ६ धुळीसाठी, ८ पाण्यासाठी. हा ८ म्हणजे एक मीटरपेक्षा खोल पाण्यात फोन टिकतो. नेमके किती खोल आणि किती वेळ, हे कंपनी ठरवते. बऱ्याच सॅमसंग फोनांसाठी ती मर्यादा दीड मीटर आणि अर्धा तास आहे. चाचणी होते प्रयोगशाळेत, स्थिर आणि गोड्या पाण्यात, नव्या फोनवर. समुद्राचे खारे पाणी, तरणतलावातले क्लोरीन, साबण, नळाची जोरदार धार यांची हमी त्यात येत नाही. शिवाय फोन आपटला, जुना झाला किंवा स्क्रीन बदलताना आतले चिकट सील नीट बसले नाही, की ते संरक्षण कमी होते.

जाहिराती मात्र वेगळेच दाखवत आल्या, आणि ग्राहकांनी त्यावर विश्वास ठेवला, यात त्यांची चूक नाही. ऑस्ट्रेलियात २०१६ ते २०१८ दरम्यानच्या जाहिरातींत गॅलेक्सी फोन तरणतलावात आणि समुद्रात वापरता येतात, असे सुचवले गेले. २०२२ मध्ये न्यायालयाने सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२० मध्ये ॲपलला एक कोटी युरो दंड ठोठावला. पाण्यापासून संरक्षणाचा गाजावाजा करायचा आणि वॉरंटीत मात्र द्रवाने झालेले नुकसान वगळायचे, हा त्यातला एक मुख्य आक्षेप होता.

गैरसमज : फोन भिजला होता, हे सर्व्हिस सेंटरला कळणार नाही.

वस्तुस्थिती : सिमचा ट्रे काढून आत टॉर्च मारून बघा. अनेक फोनांत तिथे एक इवलीशी पांढरी पट्टी दिसते. पाणी लागले की ती लाल होते.

हेअर ड्रायरही नको, कापसाची काडीही नको. उष्णतेने सील सुटतात आणि काडीने पाणी आणखी आत ढकलले जाते.

फोन भिजला तर लगेच बंद करा, कव्हर काढा, वरून पुसा. पोर्ट खाली धरून तळहातावर हलकेच आपटा आणि हवा खेळती असेल अशा कोरड्या जागी ठेवा. पाणी नुसते पोर्टमध्ये गेले असेल तरी ते पूर्ण सुकायला एक दिवस लागू शकतो. खाऱ्या पाण्यात पडला असेल किंवा आत पाणी गेल्याची शंका असेल, तर वाट न बघता सरळ दुरुस्तीला न्या, आणि तोवर चार्जर लावू नका.