स्लाव्हांचा ‘देवदत्त’

आपल्याकडील ‘देवदत्त’ स्लाव्ह लोकांत ‘बोग्दान’ ह्या रूपानें नांदतो, हें ऐकून वाचकांस कौतुक वाटेल. ‘बोग’ म्हणजे देव, ‘दान’ म्हणजे दिलेला. भाषापंडित त्यांचें नातें संस्कृत ‘भग’ शब्दाशीं व ‘दा’ धातूशीं लावितात.

ह्या नांवाचा सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे युक्रेनांतील कोसाकांचा पुढारी बोग्दान ख्मेलनित्स्की. १६४८ सालीं त्यानें पोलंडच्या सत्तेविरुद्ध बंड उभारिलें. कीव्ह शहरांत १८८८ सालीं त्याचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. परंतु त्याच बंडांत हजारों यहुदी मारले गेले. त्यांच्या इतिहासांत तो संहारकच ठरला.

नांव आईबाप देतात. त्याचा अर्थ खरा करणें मात्र ज्याच्या त्याच्या हातीं, असें आम्हांस वाटतें.