कूपनांची पुस्तिका घेताय? आधी घरचा खर्च मांडा

ईद किंवा लग्नसराईच्या तोंडावर दारावर एखादा मुलगा येतो. हातात रंगीत कूपनांची पुस्तिका. "भाभी, फक्त तीनशे रुपये, दहा हजारांची बचत!" आम्हीही एकदा घेतली होती. वर्ष संपलं तेव्हा चार कूपनं फाडलेली होती, बाकी तशीच.

चूक आमचीच. दहा टक्के सवलतीत दहा हजार वाचवायचे तर आधी लाखभर रुपये खर्च करावे लागतात, हा हिशेब आम्ही केलाच नव्हता. म्हणून पैसे देण्याआधी पुस्तिका पाच मिनिटं मागून घ्या, घरचा खर्च बघणाऱ्या अम्मींना जवळ बसवा आणि प्रत्येक कूपनाला एकच प्रश्न विचारा: हे नसतं तरी आपण तिथे गेलो असतो का? समजा गाडीच्या सर्व्हिसिंगचे 200 वाचले, अब्बांच्या शुगर तपासणीचे 100, मुलीच्या चष्म्याचे 150. झाले 450. तीनशे वजा करा, खरी बचत दीडशे. मसाज पार्लर आणि वॉटर पार्क मोजूच नका.

दुकान कुठं आहे तेही बघा. सातारा ते सांगली अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. दोन्ही जिल्ह्यांची एकच पुस्तिका असेल, तर पोवई नाक्याजवळ राहणाऱ्या माणसाला मिरजेतल्या हॉटेलचं पन्नास रुपयांचं कूपन काय कामाचं? एसटीचं भाडंच त्याहून जास्त. अशी पानं सांगलीच्या मामूंना किंवा खालाला देऊन टाका. फक्त कूपनावर आपलं नाव लिहिलेलं नसावं.

बारीक अक्षरांत खरी गोष्ट असते. 'सोमवार ते शुक्रवार, दुपारी 12 ते 3' असं हॉटेलचं कूपन रमजानभर पडूनच राहणार. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे मुदतीची तारीख त्या वर्षीच्या कॅलेंडरशी ताडून बघा. मटण हलाल आहे का, हेही ऑर्डरआधीच विचारा. सोनाराच्या कूपनावर सवलत बहुधा घडणावळीवर असते, सोन्याच्या भावावर नाही. निकाहचे दागिने घेताना दोन दुकानांतली घडणावळ आधी विचारा, कूपन नंतर काढा. कपड्यांचंही तसंच. एमआरपीवर दहा टक्के सूट आणि शेजारचा दुकानदार तसाच पंधरा टक्के कमी करतो, असं आम्ही पाहिलंय. हॉटेलात मात्र उलटं, कूपन बिल होण्याआधीच दाखवायचं.

शेवटच्या पानावर कधी लकी ड्रॉ असतो. पैसे देऊन नशीब आजमावणं आपल्याला चालतं का, हे आपल्या आलिमांना विचारा. बक्षीस लागल्याचा फोन आला, तर ओटीपी मात्र कुणालाही देऊ नका.

आणि दुकानदारानं छापलेलं कूपनच नाकारलं तर? पुस्तिका विकणाऱ्याकडून पावती घेतलेली असू द्या, कूपनाचा फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवा. तिथं नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पन्नास रुपयांसाठी कुणी आयोगापर्यंत जात नाही, हे खरं. पण 1915 ला फोन करायला काय हरकत आहे?